सप्टेंबर ते जून: रग्बीचा एक अख्खा हंगाम कसा पाहावा

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात नव्यानं आलेल्या मराठी माणसाला बेलग्रेव्ह रोडवर कोथिंबीर मिळते, कढीपत्ता मिळतो, नशीब असेल तर अळूची पानंही मिळतात. ऑक्टोबरनंतर क्रिकेट मात्र मिळत नाही. चार वाजता अंधार पडतो, शनिवार अंगावर येतो, आणि अशाच एखाद्या शनिवारी हिरव्या-लाल-पांढऱ्या मफलरी गुंडाळलेली हजारो माणसं स्टेशनकडून वेलफर्ड रोडच्या दिशेनं पावसात निघालेली दिसतात. आजोबा, नातवंडं, सत्तरीतल्या बायका, सगळे. ती चाललेली असतात लेस्टर टायगर्सची रग्बी बघायला.

मी २०१८ साली इथे आलो आणि पहिल्या हिवाळ्यातच त्या गर्दीत सामील झालो. खेळ कळत नव्हता. शेजारच्या माणसानं टाळ्या वाजवल्या की मी वाजवायचो. खेळ समजायला मला जवळपास दोन हंगाम लागले, कारण मी चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली: नियम पाठ करायला गेलो. तुम्ही ती चूक करू नका. रग्बीत एकेका सामन्यापेक्षा अख्खा हंगाम लवकर कळतो, आणि एकदा हंगाम कळला की सामना आपोआप उलगडतो. मैदानात पंधरा जण दिसतात, पण हंगाम ठरतो तो पथकातल्या पन्नासेक जणांवर. कोण जायबंदी आहे, कोणाला देशाच्या संघानं उचलून नेलंय आणि त्याच्या जागी उभा राहिलेला विशीतला पोरगा टिकतो का, हा सगळा हिशेब एकदा लागला की तुम्ही प्रेक्षक झालात.

पहिली पायरी: एक संघ धरा

इंग्लंडच्या वरच्या व्यावसायिक लीगला आता ‘प्रेम’ म्हणतात. होय, आपल्या डोळ्यांना ते प्रेमच दिसतं. मूळ शब्द प्रीमियरशिप. त्यात दहा संघ आहेत. जो शहराच्या जवळचा तो आपला, एवढाच निकष लावा. ब्रिस्टलमध्ये राहत असाल तर ब्रिस्टल, मँचेस्टरकडे असाल तर सेल. सगळ्यांवर थोडं थोडं लक्ष ठेवायला गेलात तर डिसेंबरपर्यंत कंटाळाल.

माझा संघ टायगर्स, म्हणून उदाहरणं त्यांचीच देतो. क्लबची स्थापना १८८० सालची, तीन लहान क्लब एकत्र येऊन झालेली. वेलफर्ड रोडच्या मैदानावर ते १८९२पासून खेळतात. ११ वेळा इंग्लंडचे विजेते, आणि २००१ व २००२ असे लागोपाठ दोनदा युरोपचे विजेते. ‘टायगर्स’ नावाच्या दोन कहाण्या सांगतात. एक म्हणजे जुन्या जर्सीवरचे तपकिरी-पिवळे पट्टे. दुसरी आपल्याला जवळची: लेस्टरशर रेजिमेंटचं टोपणनाव टायगर्स होतं, कारण ही पलटण १८०४ ते १८२३ हिंदुस्थानात होती आणि त्या चाकरीबद्दल तिला वाघाचं चिन्ह मिळालं. पलटणीच्या बिल्ल्यावर वाघ आणि त्यावर ‘हिंदुस्थान’ हा शब्द असायचा. इथल्या म्हाताऱ्यांना ही दुसरी कहाणीच आवडते. मलाही.

दुसरी पायरी: सुरुवातीला एवढेच नियम

नियमपुस्तक जाडजूड आहे आणि खुद्द खेळाडूंनाही ते पूर्ण माहीत नसतं, असं मला अनेकदा वाटतं. पहिल्या महिन्यात पुढचं पुरेल.

चेंडू हातानं पुढे टाकता येत नाही. हातानं द्यायचा तर बाजूला किंवा मागे. पुढे न्यायचा असेल तर घेऊन पळा किंवा लाथाडा. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, ५ गुण. त्यानंतर खांबांमधून मारलेल्या किकचे २. समोरच्यानं नियम मोडला की मिळणाऱ्या पेनल्टी किकचे ३, आणि खेळता खेळता चेंडू जमिनीवर टेकवून उसळताच मारलेल्या ड्रॉप गोलचेही ३. खेळ ८० मिनिटांचा, पण ८० झाली म्हणून शिटी वाजत नाही. चालू असलेला खेळ थांबेपर्यंत सामना चालू राहतो.

ज्याच्याकडे चेंडू आहे फक्त त्यालाच पाडता येतं. कबड्डी खेळलेल्या माणसाला हे लगेच उमगतं, कारण पकड कशी करायची, कंबरेखाली कसं घुसायचं हे त्याच्या अंगात असतं. फरक असा की इथे पकड झाली म्हणून कोणी बाद होत नाही. पडलेल्यानं चेंडू सोडायचा आणि त्यावरून दोन्हीकडच्यांनी रेटारेटी करायची, तिला रक म्हणतात. नवख्याला तो नुसता माणसांचा ढिगारा दिसतो. पंचांच्या निम्म्याअधिक शिट्ट्या याच ढिगाऱ्यात वाजतात, आणि का वाजली हे कळलं नाही तरी बिघडत नाही. शेजाऱ्यालाही कळलेलं नसतं. तो फक्त जोरात ओरडतो.

चेंडू हातून पुढे निसटला की स्क्रम: आठ विरुद्ध आठ, खांद्याला खांदा, ढकलाढकली. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की लाइनआउट: दोन रांगा आणि मधे उचलून धरलेला उंच माणूस. पेनल्टी मिळाली की कर्णधारासमोर निवड असते. खांबांकडे किक मारून ३ गुण घ्यायचे, की कोपऱ्याकडे चेंडू लाथाडून लाइनआउटमधून ट्रायच्या मागे लागायचं? त्याने हात कुठे दाखवला हे बघायला शिका. त्यात धाडस, भीती, पाऊस आणि गुणतक्ता सगळं एकदम दिसतं.

तिसरी पायरी: संघयादी वाचा, तीही खालून

सामन्याच्या एक-दोन दिवस आधी क्लब २३ नावं जाहीर करतो. लोक वरची पंधरा वाचतात. तुम्ही १६ ते २३ वाचा.

रग्बीत पाठीवरचा आकडा म्हणजे जागा. १, २, ३ ही पुढची फळी: प्रॉप, हूकर, प्रॉप. ४ आणि ५ उंच लॉक. ६, ७, ८ धावून पाडणारे. ९ स्क्रमहाफ, तो ढिगाऱ्यातून चेंडू काढतो. १० फ्लायहाफ, संघाचा मेंदू आणि बहुतेकदा लाथही त्याचीच. १२, १३ मधले. ११, १४ कडेचे वेगवान. १५ शेवटचा राखणदार. लेस्टरमध्ये मात्र पूर्वी आकड्यांऐवजी अक्षरं असायची. एका काळी पुढच्या फळीतले रोनट्री, कॉकरिल आणि गारफर्थ हे ए, बी, सी घालून खेळायचे आणि त्यांना ‘एबीसी क्लब’ म्हणायचे. ते नाव आजही घेतलं तर मैदानाबाहेरच्या पबमध्ये तुम्हाला कोणीतरी खुर्ची देईल.

आता राखीव आठ. त्यात पुढच्या फळीचे तिघे असावेच लागतात, कारण स्क्रममध्ये मान अडकवणं हे प्रशिक्षण नसलेल्या माणसाचं काम नाही. मणक्याला इजा होऊ शकते. उरलेल्या पाचांत किती धिप्पाड आणि किती चपळ? आठांत एकूण पाच धिप्पाड, तीन चपळ अशी वाटणी नेहमीची. सहा-दोन दिसली तर समजा, प्रशिक्षकानं ठरवलंय की शेवटच्या अर्ध्या तासात ताज्या दमाच्या धिप्पाडांनी समोरच्याला चिरडायचं. आणि चपळांपैकी दोन-तीन जण जखमी झाले तर देवाक काळजी. हा जुगार असतो. फसला की सोमवारी कार्यालयात सगळे शहाणे होतात.

यादीत एखादं नाव नसलं तर ते का नाही, हे शोधा. बहुतेक वेळा दुखापत. डोक्याला मार लागल्याचा संशय आला तर खेळाडूला तपासणीसाठी बाहेर नेतात आणि तपासणीत नापास झाला तर तो परत येत नाही, पुढच्या काही सामन्यांनाही मुकू शकतो. २०२४च्या सुरुवातीपासून वरच्या पातळीवर दातांवरच्या गार्डमध्ये संवेदक बसवलेले असतात, धक्का मोठा असला की डॉक्टरला बाजूला बसून कळतं. जुने प्रेक्षक याला नाकं मुरडतात. मला विचाराल तर हा हंगामातला सर्वांत चांगला बदल आहे.

चौथी पायरी: कॅलेंडर भिंतीवर लावा

खरी गंमत इथे आहे, म्हणून थोडं थांबतो. उदाहरणाला २०२४-२५चा हंगाम घेऊ. लीग २० सप्टेंबरला सुरू झाली, अंतिम सामना १४ जूनला झाला. नऊ महिने. दहा संघ, प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर, म्हणजे लीगचे १८च सामने. मग नऊ महिने कशाला? कारण मधे दुसऱ्या स्पर्धा घुसतात आणि लीग तुकड्यातुकड्यांत चालते.

सप्टेंबर-ऑक्टोबर: मैदान कोरडं, चेंडू हातात बसतो, भरपूर ट्राय होतात. या काळात कोणाच्याही प्रेमात पडू नका. सप्टेंबरात सगळे संघ छान दिसतात.

नोव्हेंबर: आंतरराष्ट्रीय सामने. तुमचे उत्तम खेळाडू इंग्लंडच्या, अर्जेंटिनाच्या, दक्षिण आफ्रिकेच्या जर्सीत निघून जातात. क्रिकेटमध्ये आयपीएलच्या वेळी बाकी सगळं थांबतं. इथे उलटं, देश बोलावतो आणि क्लब हात चोळत बसतो.

डिसेंबर-जानेवारी: युरोपची चॅम्पियन्स कप. फ्रान्स, आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड, इटलीबरोबर हल्ली दक्षिण आफ्रिकेचे संघही असतात. २४ संघ, चार गट, प्रत्येकाला गटातले चारच सामने. इथे एक गोष्ट नवख्याला धक्का देते: परदेशातल्या अवघड सामन्याला प्रशिक्षक कधीकधी दुय्यम संघ पाठवतो आणि पन्नासेक गुण खाऊन परत येतो. का, तर सहा दिवसांनी लीगचा सामना असतो. पहिल्या वर्षी मला याचा राग यायचा. आता संघयादी बघून मी अंदाज बांधतो की पैजेचा पैसा कुठे लावलाय.

याच स्पर्धेतली एक जुनी खोडी तुम्हाला इथे कोणीतरी सांगेलच, म्हणून आधीच सांगतो. २००२चा अंतिम सामना कार्डिफला, आयर्लंडच्या मन्स्टरविरुद्ध. शेवटची मिनिटं, लेस्टर १५–९ पुढे, आणि लेस्टरच्या रेषेजवळ मन्स्टरला स्क्रम. त्यांचा स्क्रमहाफ स्ट्रिंगर चेंडू आत टाकणार तोच लेस्टरच्या नील बॅकनं त्याच्या हातावर फटका मारून चेंडू आपल्या बाजूला ढकलला. पंच दुसरीकडे उभे होते, त्यांना दिसलं नाही. लेस्टर जिंकलं. इथल्या लोकांच्या मते ती हुशारी. मन्स्टरवाल्यांच्या लिमरिक शहरात हा विषय काढू नका.

फेब्रुवारी-मार्च: सिक्स नेशन्स. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स, इटली. लीग जवळपास दोन महिने थांबते. यात इंग्लंड–स्कॉटलंड सामन्याला जी ट्रॉफी देतात तिचं नाव कलकत्ता कप. कलकत्त्यातला इंग्रजांचा रग्बी क्लब १८७०च्या दशकात बंद पडला, तेव्हा बँकेत उरलेले चांदीचे २७० रुपये काढून, वितळवून हा कप घडवला. मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती. पहिल्यांदा १८७९ साली खेळला गेला. ऑफिसात हा सामना लागला की मी दरवर्षी हे सांगतो आणि दरवर्षी लोक विसरतात.

पण क्लबच्या दृष्टीनं या महिन्यांचं महत्त्व वेगळं. नामांकित मंडळी गेलेली, आणि क्लब मधल्या काळात प्रेम रग्बी कप (पूर्वीचा प्रीमियरशिप रग्बी कप) खेळतो. तिकीट स्वस्त, मैदान अर्धं रिकामं, बोचरा वारा. बहुतेक प्रेक्षक या सामन्यांकडे फिरकत नाहीत. तुम्ही जा. अकादमीतून आलेले अठरा-एकोणीस वर्षांचे पोरगे तुम्हाला इथे दिसतील. त्यातलाच एखादा मे महिन्यात राखीव बाकावर बसलेला दिसला की ‘याला मी फेब्रुवारीत पाहिलंय’ असं म्हणण्याचा अधिकार तुम्हाला मिळतो, आणि रग्बीच्या गप्पांत या वाक्याला फार वजन आहे. २०२४-२५मध्ये बाथनं हा कपही जिंकला, युरोपची दुसऱ्या दर्जाची चॅलेंज कपही आणि लीगही. तीन आघाड्यांवर लढायला पुरतील एवढी माणसं त्यांच्याकडे होती.

एप्रिल-मे: युरोपची बाद फेरी आणि लीगचे उरलेले सामने. मैदानं पुन्हा कोरडी. खेळाडूंच्या हालचालीत मात्र सगळा हिवाळा साठलेला असतो. दंडापासून घोट्यापर्यंत पट्ट्या. कोणाच्या बाकावर अजून दम आहे, हे इथे उघडं पडतं.

जून: पहिले चार संघ उपांत्य फेरीत, पहिला विरुद्ध चौथा आणि दुसरा विरुद्ध तिसरा, वरच्या क्रमांकाच्या घरच्या मैदानावर. अंतिम सामना लंडनला ट्विकनमवर.

मधेच एक गोष्ट: राखीव माणसाची

आल्या वर्षी मी पाहिलेला टायगर्स म्हणजे दैना होती. २०१८-१९मध्ये पहिल्याच सामन्यानंतर प्रशिक्षकाला काढलं आणि हंगामाच्या शेवटी बारा संघांत आम्ही अकरावे. पुढच्या वर्षी परत अकरावे; खालच्या लीगमध्ये गेलो नाही ते केवळ सारासेन्स हा संघ पगारमर्यादा मोडल्याबद्दल गुण कापून खाली ढकलला गेला म्हणून. २०२०मध्ये स्टीव्ह बोर्थविक प्रशिक्षक म्हणून आला. २०२१-२२ला संघ सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत हरलाच नाही, आणि शेवटपर्यंत तक्त्यात अव्वल राहिला.

१८ जून २०२२, ट्विकनम, समोर तेच सारासेन्स. विसाव्या मिनिटानंतर थोड्याच वेळात लेस्टरचा दहा नंबर जॉर्ज फोर्ड लंगडत बाहेर गेला. सगळा खेळ ज्याच्याभोवती बांधलेला, तोच गेला. आत आला फ्रेडी बर्न्स.

बर्न्स कोण? आधी लेस्टरमध्ये होता, मग बाथला गेला. तिथे ऑक्टोबर २०१८मध्ये फ्रान्सच्या टुलूझविरुद्ध युरोपच्या सामन्यात शेवटाकडे त्याची एक सोपी पेनल्टी हुकली. लगेच नशिबानं दुसरी संधी दिली: तो मोकळा सुटला, रेषेपलीकडे पोहोचला, आणि चेंडू टेकवण्याआधीच हात उंचावून आनंद साजरा करू लागला. मागून आलेल्या टुलूझच्या मेदारनं चेंडू हातातून उडवला. बाथ दोन गुणांनी हरलं. सगळ्या जगानं ती चित्रफीत पाहिली. अशा प्रसंगानंतर माणूस गाव सोडतो. बर्न्सही पुढे जपानला खेळायला गेला आणि २०२१मध्ये लेस्टरला परतला, तो फोर्डचा राखीव म्हणून.

स्कोअर १२–१२. घड्याळात मिनिटभरही उरलेलं नाही. बर्न्सनं ड्रॉप गोल मारला. १५–१२. या वेळी त्यानं सामना संपायची वाट पाहिली.

मी तो सामना वेलफर्ड रोडजवळच्या एका पबमध्ये उभ्यानं पाहिला आणि घरी साताऱ्याला फोन लावला. बाबा म्हणाले, “राखीव होता ना तो? मग जिंकणारच. बाहेर बसलेल्यानं सगळा खेळ पाहिलेला असतो.” बाबांना रग्बीतलं ओ की ठो कळत नाही.

पाचवी पायरी: गुणतक्ता

विजयाला ४ गुण, बरोबरीला २. चार किंवा जास्त ट्राय केले तर एक बोनस, मग जिंका वा हरा. सात किंवा कमी गुणांनी हरलात तरी एक. म्हणजे ३०–२४ असं हरून, चार ट्राय करून, घरी २ गुण आणता येतात, बरोबरीतल्या संघाइतके. म्हणून सामना हातचा गेल्यावरही शेवटच्या पाच मिनिटांत कोणी उठून जात नाही. दहा गुणांनी मागे असलेला संघ शेवटी तीन गुणांची पेनल्टी का घेतो हे पहिल्या वर्षी मला कोडं होतं. तो हार सात गुणांच्या आत आणत असतो. मे महिन्यात चौथा आणि पाचवा यांच्यात अशा एका गुणाचा फरक पडतो, आणि तेव्हा लोकांना नोव्हेंबरमधला तो पावसाळी पराभव आठवतो.

तक्त्यावर फार विश्वासही ठेवू नका. लेस्टर विजेते झाले त्या २०२१-२२मध्ये बाथ तेरा संघांत शेवटचे होते. तीनच वर्षांनी, १४ जून २०२५ला, त्याच बाथनं अंतिम सामन्यात लेस्टरला २३–२१ हरवलं. त्यांचं हे १९९६नंतरचं पहिलं विजेतेपद. आमचा जुना प्रॉप डॅन कोल त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा सामना खेळत होता. पिवळं कार्ड मिळून दहा मिनिटांसाठी बाहेर बसला. त्या दिवसाबद्दल मी एवढंच लिहीन.

सहावी पायरी: पैशाकडे एक नजर

हे कंटाळवाणं वाटेल, पण याशिवाय संघ का बदलतात ते कळणार नाही. प्रत्येक क्लबला पगारावर मर्यादा आहे: २०२१-२२ला ती ५० लाख पौंडांवर आणली होती, २०२४-२५ला पुन्हा ६४ लाख झाली. काही सवलती असतात, पण ढोबळमानानं एवढ्यात पन्नासेक माणसं सांभाळायची. एक मोठा परदेशी तारा आणला की खालचे चार-पाच जण स्वस्तातले घ्यावे लागतात, आणि सिक्स नेशन्सच्या महिन्यांत तेच मैदानात उतरतात.

मर्यादा असूनही क्लब बुडतात. २०२२-२३चा हंगाम १३ संघांनी सुरू केला. शरद ऋतूतच वूस्टर आणि वॉस्प्स कर्जापायी बंद पडले, हंगाम संपताच लंडन आयरिशही. वॉस्प्स दोनदा युरोपचे विजेते होते. म्हणून आता दहा. तुमच्या शेजारी वॉस्प्सची जुनी जर्सी घालून कोणी बसला तर त्याला गमतीनं काही बोलू नका.

सातवी पायरी: मैदानावर जा

वेलफर्ड रोडची क्षमता २५,८४९. स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं, तुरुंगाची किल्ल्यासारखी भिंत दिसली की आलात. पहिल्यांदा जाताना क्रंबी स्टँडच्या पुढची उभं राहण्याची जागा घ्या. तिथे खेळाडूंच्या छातीवर छाती आदळल्याचा आवाज ऐकू येतो, आणि टीव्हीवर तो कधीच येत नाही. कपड्यांचं म्हणाल तर तीन थर आणि टोपी असलेला रेनकोट. छत्री नको, मागच्याचं दिसणं बंद होतं.

दोन्ही संघांचे लोक एकत्र उभे असतात. फुटबॉलसारखी विभागणी नाही. बिअरचे प्लास्टिकचे पेले हातात घेऊन माणसं आत येतात. तुम्ही पीत नसाल तर चहा मिळतो, पण आपल्या चहाची आठवण काढू नका. संघ मैदानात येतो तो घोडागाड्यांच्या काळातल्या भोंग्याच्या धावत्या धुनीवर. पहिल्यांदा ऐकून हसू येतं, तिसऱ्या वेळी अंगावर काटा.

पंचांशी फक्त कर्णधार बोलतो, तोही अदबीनं. सव्वाशे किलोचे गडी मान खाली घालून ऐकतात. पंचांच्या अंगावर माइक असल्यानं टीव्हीवर त्यांचं सगळं समजावणं ऐकू येतं. घरी दोन सामने फक्त पंचांकडे कान देऊन पाहा. कुठल्याही पुस्तकापेक्षा नियम त्यातून लवकर कळतात.

भारतात बसून पाहणाऱ्यांसाठी

इथल्या दुपारी ३च्या सामन्याला भारतात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात, मग साडेआठ. शुक्रवारी रात्री पावणेआठचे सामने मात्र तुमच्या मध्यरात्रीनंतर. ते सोडून द्या आणि सकाळी यादी व निकाल वाचा.

मुंबईत असाल तर पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या मैदानाकडे चक्कर मारा. तिथे चिखलात पंधराजणांची रग्बी दिसेल. जून २०२५मध्ये अंधेरीला झालेली रग्बी प्रीमियर लीग तुम्ही पाहिली असेल, पण ती सातजणांची, काही मिनिटांत संपणारी. मोकळी जागा, नुसती पळापळ. ती बघून आलेला माणूस इथल्या जानेवारीतला स्क्रम पाहून विचारतो, हे उठणार कधी?

आणि शेवटी जून संपल्यावर काय? जाणाऱ्यांची यादी वाचा, येणाऱ्यांची वाचा, त्यात पहिल्या फळीचे प्रॉप किती आहेत ते मोजा. उन्हाळ्यात पुढचं वेळापत्रक जाहीर होतं. सिक्स नेशन्सच्या काळातले कपचे घरचे सामने कोणत्या शनिवारी आहेत ते आधी शोधा आणि त्या शनिवारी पाहुणे बोलावू नका.